लाइन गेली तेव्हाची गोळी

ज्योत्स्नाची दुसरी गोळी फेल झाली. बरं, हे वाक्य तुम्ही अजून वाचलंच नाही असं समजा. आता गोष्ट.

अमरावतीच्या एका कॉलेजात ज्योत्स्ना सुपरकंडक्टरवर पीएच.डी. करत होती. म्हणजे कॅरमच्या सोंगटीएवढी काळी गोळी विजेच्या भट्टीत भाजायची, गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या द्रव नायट्रोजनात गार करायची आणि वर चुंबक सोडायचा. गोळीतले अणू फारच शिस्तीत बसले, तर चुंबक घसरून पडतो. थोडे आडवेतिडवे बसले, तर राजापेठेच्या गर्दीत स्कूटी अडकते तसा तो हवेत अडकतो. पुढंही नाही अन् मागंही नाही.

पहिल्या गोळीनं चुंबक असा धरला, की ती उलटी केली तरी सोडेना. भाजताना लाइन सारखी येत-जात होती, अणूंना नीट बसायला फुरसतच मिळाली नव्हती.

"एकदा झालं त्याले नशीब म्हंतात," गाइड खुशालराव सर म्हणाले. "अकोल्याचे परीक्षक येऊन राहिले. अशीच दुसरी करून दाखव, नाही तं थीसिस घरी ठेव."

नेमकी तेव्हाच कॉलेजला नवी लाइन मिळाली. ती जाईचना. ज्योत्स्नानं दुसरी गोळी भाजताना मनाला येईल तसं भट्टीचं बटण बंद-चालू केलं. पण ठरवून केलेला गोंधळ शेवटी वेळापत्रकच. अणू प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे रांगेत, चुंबक टेबलाखाली.

संध्याकाळी तिनं वडिलांना गाठलं. देवमन वीज कार्यालयातून रिटायर झालेले.

"बाबा, ओळखीनं लाइन घालवा ना."

"माही ओळख लाइन आणाची आहे. घालवाले ओळख लागत नाही. ते आपोआप जाते."

"मग काहून जाऊन नाही राहिली?"

"तू वाट पाहून राहिली ना. वाट पायली का नाही जात."

ज्योत्स्नानं यावर विचार केला. मग कागद घेतला.

प्रति, मा. सहायक अभियंता.
विषय : वीजपुरवठा पूर्ववत अनियमित करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती, की भौतिकशास्त्र विभागाचा पुरवठा परीक्षकांच्या भेटीपूर्वी, केव्हाही व विनाकारण, वारंवार खंडित करण्यात यावा. खंडित करण्याच्या वेळा आपणांसही आधी ठाऊक नसाव्यात. तसेच सदर अर्ज मंजूर झाल्यास अर्जदारास कोणत्याही परिस्थितीत कळविण्यात येऊ नये.