पाय जमिनीला टेकेपर्यंत

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझे कौतुक व्हावे म्हणून मी बोलायला बसलेले नाही, मित्रांनो. मला राग आला आहे आणि तो तुम्ही निमूटपणे ऐकून घ्यावा.

पुण्याचे मार्केट यार्ड गुलटेकडीला आले, त्या सुमारास सीताराम सुतारांनी मला घडवले. माझ्या सांध्यांत एकही खिळा नाही. जवळच्याच एका शाळेत, मुख्याध्यापिका इंदुबाईंच्या मेजासमोर माझी नेमणूक झाली. पहिलीत नाव घालायला आलेले प्रत्येक मूल आधी माझ्यावर बसे. इंदुबाई सांगत, "उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर." बोटे कानाला पोहोचली तर नाव लागे, नाही पोहोचली तर तळहातावर खडीसाखर ठेवून मुलाला घरी धाडत.

एकदा रामदास हमाल आपल्या बजरंगला घेऊन आला. पोराचा हात टाळूवरच अडला.

"घ्या की बाई. लई वांड हाय. हितं बसला तर त्याची आई दोन घास निवांत खाईल."

"त्याच्या आईने निवांत जेवावे म्हणून मी शाळा चालवत नाही, रामदास. वर्षभर मातीत लोळू द्या त्याला. बाराखडी कुठे पळून जात नाही."

रामदास हसत परत गेला. पुढच्या जूनला बजरंगने स्वतःचा कान असा पकडला, की इंदुबाईंनाच तो सोडवावा लागला.

कान ही काही अचूक मोजपट्टी नव्हे, एवढे मलाही कळते. पण त्या परीक्षेमुळे मोठी माणसे मुलासाठी थांबत असत.

पुढे इंदुबाई निवृत्त झाल्या. हिंजवडीला कंपन्या आल्या, पहाटेपासून त्यांच्या बसगाड्या धावू लागल्या आणि शहराला थांबणे हा गुन्हा वाटू लागला. शाळेला काचेचे दार आले, इंग्रजी पाटी आली, अडीच वर्षांच्या मुलांचा वर्ग आला. माझ्या सागवानाला गुलाबी रंग फासून मला व्हरांड्यात ठेवले. आता माझे काम एकच: रडणारे मूल गप्प होईपर्यंत माझ्यावर बसवायचे.

त्या वर्गात एका वर्षी सांची आली. तिचे वडील प्रज्ञेश आणि आई चैताली, दोघेही हिंजवडीला नोकरीला. "मॅम, एबीसीडी पूर्ण येते तिला," चैताली म्हणाली, आणि सांचीने ती एका दमात म्हणून दाखवली. तहान लागली हे मात्र तिला अजून सांगता येत नव्हते. ते कुणी विचारलेच नाही.

पहिल्या दिवशी ती रडली आणि माझ्यावरच ओली झाली. "रोजचंच आहे," म्हणत वासंतीमावशींनी मला पुसले. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. तीन आठवडे ती रोज रडली. चौथ्या आठवड्यात ती कुणी न सांगता आपणहून माझ्यावर चढली आणि हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली. मुख्याध्यापिका पूर्णिमा मॅडमनी प्रगतिपुस्तकात लिहिले, 'छान रुळली.'

शनिवारी ते न्यायला प्रज्ञेश आला. सोबत त्याची आई कांताबाई होत्या. त्यांनी शेरा वाचला, मग व्हरांड्यात नातीकडे पाहिले.

"हे रुळणं?"

"आता अजिबात रडत नाही, आजी," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या.

"मी तीस वर्षं दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, मॅडम. जे मूल रडायचं थांबायचं, त्याच्याकडे आम्ही आधी धावायचो." कांताबाई प्रज्ञेशकडे वळल्या. "घरी घेऊन चल तिला. येऊ दे पुढच्या वर्षी."

"आई, लहानपणापासून तूच सांगत आलीस, शिक म्हणून."

"शिक म्हटलं होतं. रडू गिळ म्हटलं नव्हतं."

"घरी बघणार कोण पण?"

"मी मेलेय का?"

"सीट गेली तर परत मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"सीट तुमची, पोर आमची."

प्रज्ञेश तरीही घुटमळत होता. त्याने सांचीपुढे हात पसरले. ती हलली नाही. तिने आधी मॅडमकडे पाहिले आणि विचारले, "मे आय?"

स्वतःच्या बापाच्या कडेवर जायला त्या लेकराने परवानगी मागितली, मित्रांनो.  प्रज्ञेशने तिला उचलले आणि तो काचेच्या दारातून बाहेर पडला.

सोमवारी त्या जागेवर दुसरे मूल आले. दहा वाजता ते माझ्यावर होते. त्याचेही पाय अधांतरी आहेत, आणि मी लाकूड असल्याने मला ते कडेवर घेता येत नाही. तुम्हाला हात आहेत, पाय आहेत, तोंड आहे. तुमच्या घरी असे धाकटे भावंड किंवा शेजारी असे मूल असेल, तर मोठ्यांना ठणकावून सांगा की हे अजून थोडे खेळणार आहे. त्यात उशीर करू नका. माझ्यावर बसलेले हे मूल अजून मोठ्याने रडते आहे.