दोन ओळींतला भाऊ

मित्रांनो, मी न्यांगेताचा जुना मोबाईल. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यापासून तडा गेला आहे, पाठीचं झाकण रबराने आवळलं आहे, आणि सुक्या मासळीचा वास माझ्या अंगात इतका मुरला आहे की मांजरं मला हुंगून जातात. तरीही मी स्वतःला भाग्यवान समजतो. का, ते ऐका.

माझा जन्म समुद्रापार एका कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या काचेवर बोट टेकवलं, मी उजळलो, आणि तिने मला पुढे ढकललं. तेवढीच आमची ओळख. म्वांझा शहरात मी पहिल्यांदा एका कारकुनाच्या खिशात राहिलो. त्याच्या हातून मी पडलो, काचेला तडा गेला आणि त्याचं माझ्यावरून मन उडालं. दुरुस्तीच्या टपरीत सात महिने धूळ खात पडलो होतो, तेव्हा न्यांगेता आली. तिने मला उलटंसुलटं केलं आणि टपरीवाल्याला विचारलं, "यात लिहिता येतं ना?"

न्यांगेता सरोवरातल्या उकेरेवे बेटावरची. बेटावरच्या किनाऱ्यांवरून सुकी मासळी गोळा करायची आणि मोठ्या बोटीने म्वांझाच्या बाजारात न्यायची, हा तिचा धंदा. आठवड्यातून तीन फेऱ्या. एका फेरीला साडेतीन तास. शाळा सातवीत सुटली होती, पण गोष्टी तिच्या पोटात मावत नव्हत्या. पोत्यांना पाठ टेकून ती माझ्यावर स्वाहिलीत लिहीत बसायची. शेजारी झुहुरा तळलेले कसाव्याचे कंद विकायची. ती म्हणायची, "अगं, त्या डबीत काय शोधतेस? नवरा हरवलाय का?"

तिच्या एका गिऱ्हाईक बाईने तिला 'किबाराझा' नावाच्या मोबाईलवरच्या गटात घेतलं. किबाराझा म्हणजे ओसरी. तिथे दोनशेवर माणसं आपापल्या गावी बसून लिहीत आणि एकमेकांचं वाचत. टांगाची म्वानाइदी सगळी व्यवस्था पाहायची. आणि टबोराचे शिगेला मास्तर होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा अभिप्राय आला की भलेभले घाम पुसत.

न्यांगेताने पहिली गोष्ट पाठवली, एका नावाड्याच्या विधवेची. बोट निघाली आणि सरोवराच्या मध्यावर माझी रेंज गेली, नेहमीप्रमाणे. म्वांझाचे मोठे खडक दिसू लागले तशी रेंज परत आली आणि मी थरथरू लागलो. 'छान!' 'वा ताई!' 'सुंदर!' ती प्रत्येक शब्दाला हसत होती. शेवटी मास्तरांचा निरोप उघडला.

'बाई, तुमची गोष्ट चौदाव्या ओळीपर्यंत जिवंत आहे. पुढे तुम्हीच तिचा गळा दाबलात. नायिका रडली असं पाच वेळा सांगितलंत. मला एकदाही रडू आलं नाही. का ते शोधा.'

न्यांगेताने मला बंद केलं आणि मासळीच्या पोत्यात खुपसलं. आठ दिवस मी तिथेच होतो.

नवव्या दिवशी झुहुराला राहवलं नाही. "काय गं, लेखिकाबाई? एका म्हाताऱ्याने टोचलं आणि फुगा फुटला?"

"त्याला काय कळतंय! माझ्या आईची गोष्ट आहे ती!"

"मग तुझी आई रडली होती का?"

न्यांगेता म्हणाली, "नाही. तिने बाबांचं जाळं धुतलं. दिवसभर धूत बसली होती. फाटेपर्यंत."

"मग तेच लिही की, बाई माझे!"

तिने मला पोत्यातून काढून पदराला पुसलं आणि पाचही रडणी खोडली. जाळं लिहिलं. यावेळी मास्तरांचं उत्तर एका ओळीचं होतं : 'आता घशात काटा अडकला. शाबास, पोरी.' मित्रांनो, बोटीच्या भोंग्याहून मोठ्याने ती ओरडली. बैलगाडीइतकं सामान डोक्यावर घेतलेला हमालसुद्धा वळून पाहू लागला.

त्या दिवसापासून ती शिकत गेली. दुसऱ्यांच्या गोष्टींवर आधी तीही नुसतं 'छान' लिहायची. मास्तरांनी तिला फटकारलं, 'नुसतं छान म्हणणं म्हणजे वाढलेल्या ताटाला हात न लावता उठणं. काय आवडलं? कुठे अडलीस?' मग ती प्रत्येक गोष्ट दोनदा वाचू लागली. मस्कतमध्ये ट्रक चालवणाऱ्या एकाला तिने लिहिलं, 'तुमचा रस्ता मला दिसला, पण गाडीत बसलेला माणूस दिसला नाही.' त्याने महिनाभर तिचे आभार मानले.

दोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी मास्तरांनी स्वतःची गोष्ट टाकली. आयुष्यातली पहिली. वर लिहिलं होतं : 'माझ्या थोरल्या भावाबद्दल आहे. पुढच्या महिन्यात गावी जाऊन त्याच्यासमोर वाचणार आहे. तो आता फार थकला आहे.'

गोष्ट लांबलचक होती. दोन पानं गावातल्या आंब्याच्या झाडावर, मग पूर्वजांची नावं, मग एकामागून एक म्हणी. अगदी शेवटाकडे दोनच ओळी होत्या : भाऊ एकदा शाळेत भेटायला आला होता, अनवाणी, गुरांच्या शेणाने माखलेला. वर्गमित्रांनी विचारलं हा कोण, तेव्हा मी म्हणालो, ओळखत नाही.

किबाराझा स्तुतीने भरून गेलं. 'शब्दप्रभू!' 'गुरुजी, तुमच्या लेखणीला दंडवत!' न्यांगेताचं बोट मात्र त्या दोन ओळींवर थांबलं होतं. तिने पुन्हा पुन्हा तिथेच येऊन वाचलं. माझ्या काचेवर तिच्या अंगठ्याचा घाम उमटला.

"झुहुरा, काय करू? सगळे वाहवा करताहेत."

"मग तूही कर. तुझं काय जातंय?"

"हे घेऊन मास्तर भावासमोर बसतील. दोन पानं झाड ऐकवतील. भाऊ म्हातारा आहे गं. पुन्हा वेळ मिळायची नाही."

तिने लिहिलं : 'मास्तर, तुम्ही झाडाला दोन पानं दिलीत आणि भावाला दोन ओळी. तुमची गोष्ट त्या दोन ओळींत आहे. बाकीच्या सगळ्यामागे तुम्ही लपला आहात. बाहेर या. तुमची, न्यांगेता.'

आणि पाठवलं. पाठवताना तिने डोळे मिटून घेतले होते.

मग काय विचारता! 'मासळी विकणारी आता मास्तरांना शिकवणार?' 'सातवी शिकलेल्यांनी पायरी ओळखावी.' म्वानाइदीने वेगळा निरोप पाठवला : 'ताई, माफी माग. त्यांना लागलं असेल. ते काहीच बोलत नाहीत.' खरंच, मास्तर गप्प होते. एक दिवस, तीन दिवस, दहा दिवस. न्यांगेताने माफीचा मजकूर तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. मी तो जपून ठेवला असता, पण तिला तो नको होता.

"चुकले असेन तर माफी मागेन," ती झुहुराला म्हणाली. "पण खोटं बोलले असते तर त्याची माफी कुणाकडे मागितली असती?"

महिना उलटला. एका सकाळी बोट म्वांझाच्या धक्क्याला लागत होती, तोच मी थरथरलो. मास्तरांचा निरोप आला होता, लिहिलेला नव्हे, बोललेला. घाईघाईत तिचं बोट घसरलं आणि चुकून माझा मोठा आवाज सुरू झाला. सगळा डेक ऐकू लागला.

"पोरी," माझ्या तोंडून मास्तर बोलले, "पहिले चार दिवस मी तुला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी गोष्टीतलं झाड तोडलं आणि फक्त भाऊ लिहिला. काल भावासमोर गोष्ट वाचली. सगळं गाव जमलं होतं. मी 'ओळखत नाही' या शब्दांपाशी आलो आणि पुढे वाचवेना. तर दादा काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, 'पन्नास वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की धाकट्याच्या डोळ्यांवर ऊन होतं, म्हणून मी दिसलो नाही.' मी म्हणालो, 'दिसला होतास, दादा.' तो म्हणाला, 'बरं झालं सांगितलंस. मोकळा झालास. मीही झालो.' मग मला जवळ ओढून म्हणाला, 'पण एक चूक आहे. तू लिहिलंस, माझ्या हातात भुईमूग होता. रताळी होती, गाढवा! तुझ्यासाठी भाजून आणली होती. दुरुस्त कर आणि जेवायला बस, मक्याची उगाली गार होतेय.'"

इथे मास्तर इतके हसले, आणि हसता हसता इतके रडले, की माझ्या आवाजाची पेटी फाटेल असं मला वाटलं. डेकवर कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्ट्या. झुहुराने कसाव्याची टोपली डोक्यावर ठेवून फेर धरला. "ही बघा ही! मास्तरांची मास्तरीण! माझ्या शेजारी बसते!" न्यांगेता पोत्यावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती.

त्या रविवारी मास्तरांनी किबाराझावर आपल्या दोन्ही गोष्टी ठेवल्या. आधी जुनी, मग नवी, आणि मधोमध न्यांगेताचा अभिप्राय, जसाच्या तसा. खाली लिहिलं : 'चाळीस वर्षं मी इतरांच्या वह्या तपासल्या. माझी वही या बाईने तपासली. पायरी ओळखा म्हणणाऱ्यांनी तिच्या पायरीवर येऊन बसावं.' सगळ्यात आधी म्वानाइदीनेच माफी मागितली. आता दर आठवड्याला नवी गोष्ट आली की लिहिणारे विचारतात, 'न्यांगेताताईंनी वाचली का?'

मित्रांनो, मी आता फार काळ चालणार नाही. तासाभरात माझी ताकद संपते. न्यांगेता नवा मोबाईल घेईल आणि घ्यावाच, बिचारीला अजून खूप लिहायचं आहे. माझी एकच विनंती आहे. कुणी धडधडत्या छातीने आपलं लिहिलेलं तुमच्या हाती दिलं, तर ते शेवटपर्यंत वाचा. आवडलं तर कुठे आवडलं ते सांगा. नाही आवडलं तर तेही सांगा, पण मायेने, आणि खाली आपलं नाव लिहून. आणि तुमच्या लिखाणाबद्दल कुणी असं खरं सांगितलं, तर त्याला शिव्या द्यायला चार दिवस घ्या, हवे तर आठ घ्या. त्यानंतर मात्र लिहायला बसा.