पाहणीचा महिना

सकाळी साडेआठ वाजता आई लेकीच्या काळ्या कोटाचे सुटलेले बटण टाचत होती. कोट अंगातच होता. लेक भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी होती. दोरा तोडताना आईचा तळहात तिच्या मानेला लागला आणि तिथेच थबकला. अंग चांगलेच तापले होते.

"आज घरी थांब," आई म्हणाली. "कागद काही पळून जात नाहीत."

"कागद नाही गं पळत. पक्षकार पळतात." लेकीने हसून वेळ मारून नेली. कालही ताप दुपारपर्यंत उतरला होता, आजही उतरेल, असे सांगत तिने पायात बूट चढवले. वाकताना कमरेत कळ आली, तशी क्षणभर उंबऱ्याला हात लावून ती थांबली. आईने ते पाहिले. वडिलांनीही पाहिले.

घरात तिला ठमी म्हणत. बाहेर ती सव्वीस वर्षांची वकील होती आणि शहरातल्या एका मोठ्या वकिली कचेरीत दोन वर्षांपासून काम करत होती. त्याच कचेरीत तिचे वडील हेडक्लार्क होते. सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत. बापलेक घरातून बरोबर निघत, पण कचेरीचा कोपरा आला की ठमी झपाझप पुढे होई. "वशिल्याची म्हणतील हो बाबा," असा तिचा युक्तिवाद असे. आत गेल्यावर बाबांचे भाऊ होत आणि ती चारचौघींसारखी त्यांच्या टेबलापाशी येऊन, "भाऊ, ती कालची फाईल देता का?" असे विचारी. या नाटकाची दोघांनाही मनातून गंमत वाटे.

कचेरीच्या दर्शनी भिंतीवर काचेच्या कपाटात सात मानचिन्हे मांडलेली होती. 'उत्कृष्ट कार्यस्थळ' म्हणून एका संस्थेने सलग सात वर्षे दिलेली. परीक्षेनंतर ठमीला आणखी दोन ठिकाणांहून बोलावणे आले होते. तिने ती सोडली, ती या कपाटाकडे पाहून; तेव्हा त्यात पाच चिन्हे होती. "माणसांची कदर करणारी जागा आहे, बाबा. उगीच का सलग पाच वर्षे मिळेल?" असे तिने त्या दिवशी जेवताना विचारले होते. ती पाच वर्षे कशी मिळाली, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होते आणि तो खाली मान घालून जेवत राहिला. ज्या जागी आपण आयुष्यभर फायली बांधल्या, तिथे आपली पोर वकील म्हणून बसणार, या अभिमानापुढे त्याला ते सांगवले नाही.

दरवर्षी एक महिना पाहणीचा असे. पुरस्कार देणारी संस्था त्या महिन्यात प्रत्येक कर्मचाऱ्याकडून प्रश्नपत्रिका भरून घेई आणि त्याच महिन्याची हजेरी व रजा तपासे. आजारपणाच्या रजा कमी, म्हणजे माणसे सुखी, असा संस्थेचा हिशेब होता. तेव्हा त्या महिन्यात रजाच लागू द्यायची नाही, असा रिवाज कचेरीत पडला. कोणी हुकूम काढला नव्हता. भाऊंच्या टेबलाला डाव्या हाताला एक खण होता. त्या महिन्यात आलेला रजेचा अर्ज त्यात जाई आणि पुढल्या एक तारखेला बाहेर येऊन, त्या तारखेने मंजूर होई. अर्ज कधी नाकारला जात नसे. तो फक्त थांबे, आणि त्याबरोबर माणूसही थांबे.

मोठे साहेब, म्हणजे कचेरीचे मालक, हे उघड बोलून दाखवत. पूर्वी पक्षकार वकिलाची जीभ पाहत, आता ते भिंत पाहतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात खोटे काही नव्हते. एका मोठ्या बँकेने यंदा नियमच केला होता की, ज्या कचेरीला हा पुरस्कार आहे तिलाच काम द्यायचे. हुशार मुलेही भिंत पाहूनच येत. आठवे मानचिन्ह आले की बँक येणार होती. बँकेचे पहिले, कसोटी पाहणारे काम आधीच येऊन पडले होते आणि ते करणाऱ्या चौघांत ठमी होती.

त्या दिवशी अकराच्या सुमारास ती भाऊंच्या टेबलापाशी आली. हातात फाईल नव्हती, एक कागद होता. ओठ सुकले होते. सकाळपासून जागेवरून उठायला फुरसत नाही, म्हणून तिने पाणी पिणेच सोडले होते. पाणी प्यायले की उठावे लागते, हे तिथल्या सगळ्याच मुलींचे गणित होते.

"भाऊ, दोन दिवस पाहिजेत," ती म्हणाली. "लघवीला जळजळ होतेय आणि कमर धरलीय. डॉक्टरला दाखवून येते."

भाऊंनी अर्ज वाचला. अक्षर घरचे होते, किराणा सामानाच्या यादीवर दिसायचे तेच. भोवती माणसे काम करत होती. काचेपलीकडे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाई कोणाशी तरी हसत बोलत होत्या. या बाई कोणावर कधी आवाज चढवत नसत, म्हणून कचेरीने त्यांना पाठीमागे 'साखरबाई' हे नाव ठेवले होते. भाऊंच्या मनात त्या क्षणी काय काय आले, ते त्यांनी पुढे अनेकदा आठवून पाहिले. आपल्याच मुलीला सवलत दिली असे लोक म्हणतील, हे आले. बँकेच्या कामातून तिला काढतील, तिच्या नावापुढे 'नाजूक' असा शेरा बसेल, हेही आले. ताप काय, सगळ्यांनाच येतो, हे तर आलेच. सकाळी उंबऱ्याला टेकलेला हात मात्र आठवला नाही.

"चार दिवस काढ," ते हळू आवाजात म्हणाले. "महिना संपतोच आहे. एक तारखेला मी स्वतः सही घेतो."

ठमीने त्यांच्याकडे पाहिले. तिने 'बाबा' म्हटले असते तर कदाचित वेगळे झाले असते. पण ती नियमाला पक्की होती.

"बरं, भाऊ," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. अर्ज खणात गेला. त्या खणात आधीच अकरा अर्ज होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी कागदपत्रांच्या खोलीत ती खुर्चीवरून घसरली. शेजारच्या मुलीला वाटले, काही उचलायला वाकली आहे. रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे आणि आता तो रक्तात पसरतो आहे. साधी बाब होती, असेही त्या म्हणाल्या. तीन दिवस आधी आला असतात तर गोळ्यांवर भागले असते. हे वाक्य त्यांनी रागाने उच्चारले नाही. रोज कोणाला तरी सांगावे लागते, तसे सांगितले.

आईने नवऱ्याकडे पाहिले. "तिने रजा मागितली नव्हती?" तिने विचारले.

भाऊ भिंतीकडे पाहत म्हणाले, "मागितली होती."

"कोणी दिली नाही?"

भाऊ पलंगावरची चादर सारखी करू लागले. आईने पुन्हा विचारले नाही. ती उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि त्या दोन दिवसांत नवऱ्याच्या बाजूला परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी साखरबाईंचा फोन आला. आधी त्यांनी तब्येतीची चौकशी केली, सगळा खर्च कचेरी करील असे सांगितले आणि ते खरेही केले. मग, अगदी संकोचाने, त्या म्हणाल्या की प्रश्नपत्रिकांची मुदत आज संपते आहे आणि सगळ्यांची उत्तरे आली नाहीत तर कचेरी बाद होते. एकच पत्रिका कमी पडते आहे. ठमीची. भाऊंनी तिच्या वतीने भरली तरी चालेल. मोबाइलवरच आहे, पाच मिनिटांचे काम.

भाऊ नाही म्हणणार होते. तोंड उघडलेही होते. पण नाकाला प्राणवायूची नळी लावलेल्या ठमीने बोलणे ऐकले होते.

"भरून टाका ना, बाबा," ती म्हणाली. "माझ्यामुळे अडलं म्हणतील. मला परत जायचंय तिथे."

तेव्हा त्या खोलीत असे घडले. बाप पलंगाच्या कडेला बसून एकेक प्रश्न वाचू लागला आणि लेक उत्तरासाठी बोटे दाखवू लागली. एक बोट म्हणजे मुळीच नाही, पाच बोटे म्हणजे पूर्णपणे. इथे तुमचे म्हणणे ऐकले जाते का? पाच. वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता येते का? ती थोडी हसली आणि पाच बोटे तिने मुद्दाम बापाच्या नाकासमोर धरली. आजारपणात तुमची काळजी घेतली जाते का?

हा प्रश्न भाऊंनी जेमतेम वाचला. त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

"वाचा ना," ठमी म्हणाली. मग दम घेऊन म्हणाली, "पाचच लिहा. लहानपणी वर्गात पहिली यायचे तर तुम्ही किती खूश व्हायचात."

त्यांनी पाच लिहिले. पत्रिका गेली. आभाराचा संदेश लगेच आला.

पहाटे तिचा रक्तदाब उतरत गेला, तो औषधांनी वर आला नाही. उजाडल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना बाहेर बोलावले.

आठवे मानचिन्ह दीड महिन्याने आले. ठमीची पत्रिका मोजली गेली होती. कारण पत्रिका भरली तेव्हा ठमी हयात होती आणि नियमात तेवढेच पाहिले जाई. बँक आली. पुरस्काराच्या पुस्तिकेत एक परिच्छेद होता. एका तरुण सहकारिणीच्या दुर्दैवी आजारात कचेरी तिच्या कुटुंबामागे कशी उभी राहिली, याचा. भाऊंनी तो टंकलेखकाच्या टेबलावर वाचला आणि जागेवर येऊन बसले. खणातल्या उरलेल्या अकरा अर्जांच्या प्रती त्यांनी त्या संस्थेला पाठवून दिल्या होत्या. त्याचे उत्तरही आले होते. संस्था फक्त पत्रिकांतली उत्तरे आणि हजेरीपट पाहते आणि एकेकट्या तक्रारींसाठी कृपया आपल्या मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा, असे त्यात लिहिले होते. पत्राची प्रत साखरबाईंना गेली होती. त्यांनी भाऊंना बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्या पत्राचा विषयच काढला नाही. त्याऐवजी विचारले की, विधी महाविद्यालयात यंदा मुले निवडायला जायचे आहे, तर भाऊ दोन शब्द बोलतील का. इतकी वर्षे एका जागी काढलेल्या माणसाचे बोलणे मुलांच्या मनाला भिडते.

भाऊ हो म्हणाले.

सभागृह भरलेले होते. काळे कोट नवे होते, काहींच्या बाहीवरची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. पडद्यावर आठही मानचिन्हे झळकली, मग बँकेचे नाव झळकले, आणि मुलांत कुजबुज झाली. त्यानंतर भाऊंना ध्वनिक्षेपकापाशी बोलावण्यात आले. हातात दिलेला मजकूर त्यांनी घडी करून बाजूला ठेवला.

"माझी मुलगी याच कचेरीत वकील होती," ते म्हणाले. "ही चिन्हे पाहूनच आली होती. तुमच्यासारखीच. पाहणीच्या महिन्यात तिला ताप आला. तिने रजेचा अर्ज दिला. तो मी ठेवून घेतला. साहेबांनी नाही, बाईंनी नाही. मी. दरवर्षी सगळ्यांचे ठेवायचो, तसाच तिचा ठेवला. ती मेली."

साखरबाई उठल्या होत्या. ध्वनिक्षेपक बंद झाला. भाऊ तसेच बोलत राहिले. वर्षानुवर्षे मोठ्या खोलीतून नावे पुकारण्याची सवय असलेला तो गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. चिन्हे खोटी नाहीत, ते म्हणाले. ती चोरून आणलेली नाहीत. आम्ही प्रत्येकाने आपल्या हाताने 'पूर्णपणे' असे लिहून दिले, म्हणून ती आली. शेवटचे उत्तर मी माझ्या पोरीच्या उशाशी बसून लिहिले.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या आवाजात राग होता, पण तो भाऊंवर होता की आणखी कोणावर, हे तिलाही सांगता आले नसते.

"मग आम्ही जायचं कुठे, काका? ज्यांना पुरस्कार नाही, तिथे तर विचारणारंसुद्धा कोणी नाही."

"मला माहीत नाही, बाळ," भाऊ म्हणाले. "माहीत असतं तर तिला तिथे पाठवलं असतं." मग ते म्हणाले, "एवढंच सांगतो. अंगात ताप असताना कोणी म्हणालं, चार दिवस काढ, तर ऐकू नका. तो तुमचा बाप असला तरी ऐकू नका."

दोन माणसांनी त्यांना अदबीने दाराकडे नेले. दंडाला धरणाऱ्याने पकड सैलच ठेवली होती. तोही त्याच कचेरीतला होता.

बाहेरच्या पडवीत मुलाखतींसाठी टेबले मांडलेली होती. नावे पुकारायला सुरुवात झाली आणि रांग लागली. ती दरवर्षीपेक्षा आखूड आहे का, हे भाऊंना ओळखता येईना. आजवर ते नेहमी टेबलाच्या मागच्या बाजूला बसत आले होते. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी खांबाला टेकून उभी होती. फाईल तिने छातीशी घट्ट धरली होती. तिचे नाव एकदा पुकारले गेले. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा पुकारले गेले. तिने टेबलाकडे पाहिले, मग भाऊंकडे पाहिले. ती अजून जागची हलली नव्हती.