प्रबुद्धने न पाहिलेले गोल

दिंडोशीच्या प्रगती स्पोर्ट्स या फुटबॉल टीमला प्रबुद्ध गायसमुद्रेइतका वेडा चाहता शोधूनही सापडला नसता, आणि या वेड्याने गेल्या अकरा वर्षांत आपल्या टीमचा एकही गोल पाहिलेला नव्हता. मॅच एकही चुकवली नव्हती. गोल तेवढे राहिले होते.

त्याचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी एकदा टीम गोल खाऊन बसली होती, तेव्हा प्रबुद्ध वैतागून मैदानाच्या भिंतीमागे सुंदराबाईंच्या टपरीवर चहाला गेला आणि इकडे आपला गोल झाला. तो धावत परत आला, तर समोरच्यांनी गोल केला. तो पुन्हा गेला, पुन्हा आपला झाला. तिसऱ्या मॅचपर्यंत ही गोष्ट स्टँडमधल्या सगळ्यांच्या ध्यानात आली. तेव्हापासून गोलची गरज पडली की मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं आणि लाडात येऊन म्हणायचं, "दादा, चहा पिऊन या ना."

आता गंमत अशी की हाच माणूस रविवारी सकाळी विहारात मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवायचा. मांजर आडवं गेलं तर त्याला पलीकडे जायचं असतं, तुमच्या परीक्षेशी त्याचं काही घेणंदेणं नसतं, असं तो ठणकावून सांगायचा. गाडीला लिंबू-मिरची बांधणारा कॉलनीत कोणी दिसला, की त्याला अर्ध्या तासाचं व्याख्यान ठरलेलं असे. आणि दुपारी हेच महाशय मुकाट्याने चहाला जात. ही श्रद्धा नाही, निरीक्षण आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. नमुना अजून लहान आहे, घाईने निष्कर्ष काढू नये. नमुना अकरा वर्षं लहानच राहिला.

टपरीवर उभा राहून तो गोल ऐकायचा. भाऊराव कोच होते तेव्हा अख्खी टीम स्वतःच्याच गोलपुढे ठाण मांडून बसायची, त्यामुळे महिन्यातून एखादाच चहा व्हायचा. त्यांच्या जागी अण्णा आले आणि प्रबुद्धची ॲसिडिटी वाढली. अण्णांना एकच डावपेच ठाऊक होता, सगळ्यांनी पुढे पळा. लीग जिंकायला बचाव लागतो हे प्रबुद्धला कळत होतं, भाऊरावांबद्दल त्याला आदरही होता, पण बचावावर जीव कोण लावतो? त्याचा जीव होता विशालवर. आठवडाभर गोरेगावभर पार्सलं बिनचूक पोचवणारा हा पोरगा रविवारी चेंडू मात्र भलत्याच पत्त्यावर पोचवायचा. दहा सोपे गोल चुकवायचा आणि अकरावा असा मारायचा, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. म्हणे. हे 'म्हणे' प्रबुद्धच्या घशाशी अडकून राहायचं. एक तरी गोल आपल्या डोळ्यांनी बघायला मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती, आणि टीमवर प्रेम असल्यामुळेच ती पुरी होत नव्हती.

यंदा मोसमातली शेवटची मॅच अंधेरीला, मुलुंडच्या टीमशी. जिंकलो तर पहिल्या डिव्हिजनमध्ये, बरोबरी झाली तर आहोत तिथेच. प्रबुद्धची बायको चेतना शाळेत विज्ञान शिकवायची. पेपर तपासून संपले होते, म्हणून पहिल्यांदाच तीही आली. निळी ओढणी घेऊन ती पहिल्या रांगेत बसली आणि अर्ध्या तासात रेफ्रीचं शिक्षण काढू लागली.

दोन मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. तेवढ्यात विशालला पेनल्टी एरियात पाडलं आणि शिट्टी वाजली. पेनल्टी. स्टँड नाचायला लागला, आणि मग सगळा स्टँड एकदम प्रबुद्धकडे वळला.

"दादा, चहा."

"उठा ना दादा, प्लीज."

टचलाइनवरून अण्णांनी ओठांशी अंगठा नेऊन कपाची खूण केली. विशालने चेंडू जागेवर ठेवला, वर बघितलं आणि थेट हात जोडले. प्रबुद्ध सवयीने उठला.

"हे सगळे तुला चहाला का पाठवतायत?" चेतनाने विचारलं.

मागच्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "वहिनी, दादा बघत असले की आपला गोल होत नाही."

"म्हणजे तू दर वेळी उठून जातोस?"

"निरीक्षण चालू आहे गं," प्रबुद्ध पुटपुटला.

"अकरा वर्षं घरी येऊन हॉलमध्ये मला गोल करून दाखवतोस, माझी कुंडी फोडलीस, ते काय होतं मग?"

"ऐकीव."

चेतनाने त्याच्याकडे असं बघितलं, की नववी 'ब'चा वर्ग जागीच गारठला असता. "विहारातल्या पोरांना काय तोंड दाखवणार आहेस? खाली बस."

तो बसला. पेनल्टी चुकली तर दिंडोशीत फिरणं मुश्कील होणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्याला बघायचं होतं. लहान मुलासारखं, वाट्टेल ते होवो, बघायचंच होतं.

विशाल धावला. मारला. गोलकीपरने अडवला.

"वाट लागली," मागून कोणीतरी म्हणालं, आणि शंभर डोळे प्रबुद्धच्या पाठीत घुसले. पण चेंडू कीपरच्या हातातून निसटला होता. विशाल तोल जाऊन पडता पडता चेंडूवर आदळला, चेंडू त्याच्याच गुडघ्याला लागला आणि रमतगमत, कुठलीही घाई नसल्यासारखा रेषेपलीकडे गेला.

इतका कुरूप गोल अंधेरीत कधी झाला नसेल. प्रबुद्धला वाटलं, याहून सुंदर काही असूच शकत नाही. तो ओरडलाही नाही. नुसता रडत होता आणि हसत होता, आणि लोक त्याला मिठ्या मारत होते, कोणीतरी तर त्याच्या टकलाचा मुका घेतला.

रेफ्रीने चार मिनिटं वाढवून दिली. मुलुंडवाले पेटून उठले. एक कॉर्नर, दुसरा कॉर्नर, मग आपल्या गोलसमोर फ्री किक. चेतनाने प्रबुद्धची बाही घट्ट धरली.

"ए," ती त्याच्या कानाशी लागली, "आता जा ना तू."

"कुठे?"

"चहाला. रिस्क कशाला घ्यायची?"

प्रबुद्धने बायकोकडे बघितलं. विज्ञानाची शिक्षिका, वीस वर्षांची नोकरी. त्याला तिच्याबद्दल फार माया वाटली.

"नाही जाणार," तो म्हणाला. "आता मी बघणार."

"मग मी तरी नाही बघत." चेतनाने मैदानाकडे पाठ केली, ओढणी तोंडावर घेतली. "काय होतंय ते सांग."

"चेंडू ठेवलाय. आपल्या पोरांची भिंत उभी राहिली. विशालही आलाय भिंतीत, केस नीट करतोय."

"पुढे."

"मुलुंडवाला धावला. मारला. चेंडू विशालच्या तोंडावर आदळला."

"अरे देवा. मग?"

"बाहेर गेला. पोरगा उठला, ठीक आहे. अण्णा नाचतायत. रेफ्री घड्याळ बघतोय." मग मॅच संपल्याची लांब शिट्टी वाजली. प्रबुद्धने तिचे खांदे धरून तिला मैदानाकडे वळवलं आणि तोंडावरची ओढणी हळूच खाली केली.

"चेतना," तो म्हणाला, "बघ ना गं."