न चिरलेली बाटली

तामने खालचा बोल्ट सैल केला आणि तोंड बाजूला वळवलं.

थोआच्या मोटारसायकलच्या पोटातून ऑइल धारेने आलंच नाही. आधी पाण्यासारखं पातळ, काळं काहीतरी सांडलं. मग मधेच थांबून गुठळ्या पडू लागल्या, एकेक, पसरट डब्यात टप् टप् आवाज करत. त्याने एक गुठळी बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि नाकाशी नेली. जळक्या केसांचा वास. अंगठ्यावर लोखंडाचा बारीक चुरा चमकत राहिला.

"शी! हे ऑइल आहे?" तो म्हणाला. "मोरीतला गाळ बरा याच्यापेक्षा."

"मला कशाला ओरडता तामभाऊ? मी काय घरी शिजवलं ते?" थोआ बुटक्या स्टुलावर बसली होती. मागच्या टोपलीत तिचे मासे अजून तोंडं उघडत होते. बाजार भरायला अर्धा तास होता आणि गाडी पुलाच्या चढावर खडखडून बंद पडली होती. तिथून तिने ती ढकलत आणली होती. "दहा दिवस झाले बदलून. पुलापलीकडे तो नवीन बसतो ना, त्याच्याकडे."

"त्याच्याकडे कशाला मरायला गेलीस?"

"तुमच्याकडेच आले होते. दोनदा. एकदा दुकानाला फळी लावलेली होती, आणि एकदा तुम्ही आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तर म्हणालात, उद्या ये."

तामने बोल्ट चिंधीने पुसला. चिंधी त्याच्या बायकोच्या, लुआच्या जुन्या फुलाफुलांच्या सदऱ्याची होती. ते दिसल्यावर त्याने ती खाली ठेवली आणि दुसरी घेतली.

"सीलबंद होती हो बाटली," थोआ म्हणाली. "झाकणाखाली चंदेरी कागद होता. मी बघून घेतलं."

"कागद काय, कोणीही चिकटवतो. टाकाऊ ऑइल गोळा करतात, फडक्यातून गाळतात, रंग घालतात. बाटली तेवढी खरी लागते." तो डब्यात थुंकला. "आणि ती खरी बाटली देतो कोण? आपल्यातलाच कोणीतरी. न चिरता विकतो. त्याच्या ताटात हे ऑइल वाढायला पाहिजे. आमटी म्हणून. भातावर."

"ई! सकाळी सकाळी काय बोलता."

"खरं बोलतो. बाई माशांच्या टोपल्या घेऊन पुलावर चढते, मागून ट्रक येतो, आणि गाडी बंद पडते. त्याला काय त्याचं? असल्या माणसाच्या हातचं पाणी पिऊ नये."

सतरा वर्षं या दुकानात रीतच होती. ताम ऑइल ओतायचा आणि रिकामी बाटली लुआकडे द्यायचा. ती पुन्हा कोणी भरू नये म्हणून लुआ गिऱ्हाइकासमोर आकडी चाकूने गळ्यापासून बुडापर्यंत चिरायची. चर्रर्र असा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकल्याशिवाय बाजारातल्या बायका गाडीवर बसायच्या नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी लुआ गेली. चाकू खिळ्यालाच राहिला.

"कुठलं ऑइल म्हणून दिलं त्याने?" त्याने विचारलं.

"तुम्ही वापरता तेच. थांबा, बाटली आहे माझ्याकडे." थोआने टोपलीत हात घालून बाटली काढली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती. "माशांवर पाणी मारायला घेतली. दोनदा धुतली आहे."

"माशांवर? ऑइलच्या बाटलीतून?"

"दोनदा धुतली म्हटलं ना."

तामने बाटली दोन बोटांत धरली, लांब. त्यातलं पाणी मोरीत ओतायला म्हणून उलटी केली.

बुडावर जांभळ्या शाईत आकडे होते. सतरा, खाली आठ. सातच्या पोटात आडवी रेघ.

माल आला की लुआ प्रत्येक बाटलीच्या बुडावर तारीख लिहायची. जुना माल आधी जावा म्हणून. सातला अशी रेघ ती एकटीच द्यायची. ज्याने बाटली पुन्हा भरली त्याने बाहेरून चकचकीत पुसली होती. बूड कोण बघतो?

पाणी कधीच ओतून झालं होतं. ताम बाटली तशीच धरून उभा राहिला.

लुआ गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने एक बाटली रिकामी केली आणि चाकू घेतला. तेव्हा ते आकडे दिसले होते. त्याने बाटली न चिरताच पोत्यात टाकली. दुसरीही टाकली. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा, मग चिरतो, म्हणायचा. पोती भरली. लुआला जाऊन शंभर दिवस झाल्याच्या श्राद्धाच्या जेवणाला माणसं बसवायला ओसरी रिकामी हवी होती. भंगारवाली मुओय आली, पोत्यात डोकावली आणि म्हणाली, "अख्ख्या आहेत रे या. नेऊ?" चिरण्यापेक्षा नेऊ देणं सोपं होतं. त्याने तिकडे न बघता मान हलवली. संध्याकाळी मुओयने परडीभर सीताफळं आणून दिली, मोठी, एकही डाग नसलेली. त्याने ती स्वतःच्या हाताने लुआच्या फोटोपुढे मांडली होती. चार दिवसांनी उरलेली खाल्लीही होती.

तो मोरीपाशी वाकला. कोरडेच उमासे आले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"बघा, माझ्यापेक्षा तुम्हालाच वास लागला," थोआ म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "काय झालं हो?"

त्याने तोंड धुतलं. फळीवरून शेवटची भरलेली बाटली काढली. आधी थोडं ओतून इंजिन फिरवलं, ते काढून टाकलं, ते करडं आलं. बोल्टला नवी चकती घालून आवळला आणि उरलेलं ओतलं. गाडी सरळ स्टँडवर घेऊन ऑइल मोजायची काडी पुसली, आत टेकवली, बाहेर काढली. मधाच्या रंगाचा थर दोन खुणांच्या मधोमध होता. त्याने ती थोआला दाखवली.

मग खिळ्यावरचा चाकू काढला. पात्याला गंज आला होता.

रिकाम्या बाटलीच्या बुडावरही जांभळे आकडे होते. त्याने त्यांच्यावर अंगठा ठेवला, उचलला, आणि चाकू गळ्यात घातला. पातं दोनदा अडकलं. चर्रर्र झालं नाही, फाटल्यासारखा आवाज झाला. पातं आकड्यांच्या मधून बाहेर आलं.

"आता ती दे," तो म्हणाला.

"आणि माशांवर पाणी कशाने मारू?"

त्याने स्वतःचा चहाचा पेला तिच्यापुढे ठेवला. मग दुसरी बाटली चिरली.

"थोआ, ही माझ्याकडून गेलेली आहे."

ती हसली. मग हसायची थांबली. तिने चिरलेल्या दोन्ही बाटल्या उचलून बुडं शेजारी शेजारी धरली. ते आकडे ओळखायला तिला वाचायची गरज नव्हती. कितीतरी सकाळी ती याच स्टुलावर बसून लुआला ते लिहिताना बघत आली होती.

"किती होत्या?"

"तीन पोती."

रस्त्यावरून बाजारच्या गाड्या जात होत्या. कोंबड्यांच्या, भाजीच्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या. एकीचं इंजिन कर्कश वाजत गेलं. दोघांनीही तिकडे बघितलं.

थोआ गाडीवर बसली. किक मारली. इंजिन एकसारखं चालू झालं. तिने टोपलीतले मासे चाचपले, मग हँडल धरलं.

"बाजारात सांगावं लागेल तामभाऊ. बुडं बघा म्हणून."

"सांग."

"कोणाच्या बाटल्या, विचारतील."

तामने हातांना साबण लावला. तिसऱ्यांदा. वास जात नव्हता.

"माझ्या म्हणून सांग," तो म्हणाला. "अक्षर कोणाचं, ते नको सांगू."

थोआ गेल्यावर त्याने चाकूला धार लावायचा दगड शोधला, भिजवला आणि दुकानाच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, खाली बसला.