भिंतीपलीकडची रेंज

ताईच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप घरभर मिरवला. पडद्यावर रेंजचा आकडा दिसतो, तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ताईच्या खोलीत उणे ऐंशी, म्हणजे सगळी बोंबच. सगळ्यात छान रेंज मिळाली बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलापाशी, कारण भिंतीपलीकडे बाबांच्या खोलीत फळीवर राउटर होता. तिथे उणे पंचेचाळीस. मी खुर्चीच्या पायांशी खडूने खुणाच करून टाकल्या.

कंपनीने बजावलं होतं, मध्येच संपर्क तुटला तर मुलाखत तिथेच संपली, पुन्हा संधी नाही. नोकरी परदेशातली होती. ताईचा जीव त्या नोकरीत अडकला होता आणि बाबांचा ताईमध्ये. आठवडाभर दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. मुलाखतीच्या सकाळीही बाबा "चालू दे तुमचं" म्हणाले आणि खोलीचं दार लावून बसले.

मुलाखत झकास सुरू झाली. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी ताईशेजारी जमिनीवर बसून पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर डोळा ठेवून होते. उणे पंचेचाळीस, सत्तेचाळीस. आणि एकाएकी बहात्तर, मग एकोणऐंशी! मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज तुटायला लागला. ताईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. खुर्ची तर खुणेवरून तसूभरही हलली नव्हती.

मी तडक बाबांच्या खोलीत घुसले. फळी रिकामी! राउटर खाली, लोखंडी कपाटामागे ठेवलेला. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तिला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं ना! हे असले उद्योग कशाला?"

बाबा भिंतीला चिकटून उभे होते. कानाला स्टीलचा पेला आणि पेला भिंतीला लावलेला.

"हळू बोल. किती छान उत्तरं देतेय गं ती!" ते कुजबुजले. "ते खोकं नेमकं कानाच्या जागी येत होतं, म्हणून सरकवलं."

"त्या खोक्यावरच तर सगळं चाललंय, बाबा! कपाट आड आलं आणि रेंज गेली."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. पेला माझ्या हातात कोंबून त्यांनी राउटर उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"फळीवर ठेवा की."

"नको, आता माझा कशावर भरवसा नाही. तू ऐक आणि मला सांग."

मी पेल्याला कान लावला. "बाई म्हणतायत, आता नीट ऐकू येतंय." बाबांनी श्वास सोडला. "विचारतायत, पुढच्या महिन्यात यायला जमेल का? घरचे तयार आहेत का?"

"मग? काय म्हणाली?"

मी पेला घट्ट दाबला. पलीकडून काहीच नाही.

"परत गेली का गं रेंज?" बाबा टाचा उंचावून उभे राहिले.

"रेंज आहे, बाबा. ताईच बोलत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पेल्याबिल्याची गरजच पडू नये एवढ्या मोठ्याने ओरडले, "अगं, हो म्हण!"

आधी त्या बाईंचं हसू ऐकू आलं. मग ताईचा रडवेला आवाज, "हो. तयार आहेत."

मी पेला खाली ठेवला. बाबांनी राउटर अजून तसाच वर धरला होता, आणि डोळे पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.