पर्यवेक्षकाची खुर्ची

आमच्या शाळेत परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी आजारी पडतात ते शिक्षक. विद्यार्थ्यांना घाम फुटण्यासाठी निदान प्रश्नपत्रिका दिसावी लागते. आम्हांला पर्यवेक्षणाचे वेळापत्रक पुरते. म्हणून या वर्षी मुख्याध्यापिकांनी ‘परीक्षाकाळ साहाय्य समिती’ नेमली आणि तिचे प्रमुखपद माझ्या गळ्यात घातले.

“तुम्ही प्रत्येकाच्या सूचनेला पुरावा मागता,” त्या म्हणाल्या. “आता सूचनाही तुमची, पुरावाही तुमचाच.”

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पुरावा मागणे हा माझा दुर्गुण नसून व्यवसाय आहे, असे मी सांगून पाहिले. त्यांनी पुरावा मागितला.

पहिल्या बैठकीत व्यायामशिक्षकांनी परीक्षेच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून मंद बासरी लावण्याचे सुचवले. ज्यांना बासरीने झोप येते त्यांचे काय करायचे, हे विचारताच ते माझ्यावर रुसले. भाषेच्या बाईंनी घोट्यापर्यंत सुजलेले पाय पुढे करून, शिक्षकांना आडवे होण्यासाठी एक खोली मागितली. यावर एकमत झाले, परंतु शाळेत रिकामी खोली नव्हती. समिती चहा पिऊन विसर्जित झाली.

त्याच संध्याकाळी माझी धाकटी बहीण तिच्या मुलीला, म्हणजे बारकीला, घेऊन घरी आली. बारकी आमच्याच शाळेत दहावीत आहे. दहावीनंतर गणिताचे दोन गट होतात, वरचा आणि साधा, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे दोन सराव परीक्षांवर ठरते. जिला सुट्टीत भूमितीची कोडी घालावी लागतात, नाहीतर ती घर डोक्यावर घेते, ती ही मुलगी पहिल्या परीक्षेत आपटली होती. दुसऱ्या परीक्षेतही तेच झाले तर वरचा गट विसरावा लागणार होता.

“दादा, तूच बघ आता,” बहिणीने तपासलेली उत्तरपत्रिका माझ्यापुढे टाकली. “मी विचारलं की ही नुसती रडते.”

“मी रडत नाहीये,” बारकी रडत म्हणाली.

मी उत्तरपत्रिका चाळली. नीट लिहिलेले उत्तर, त्यावर तिरकी रेघ. पुढच्या पानावर तेच.

“अगं, हे तर बरोबर आहे.”

“हो का?” तिने नाक पुसले.

“खोडलंस कशाला मग?”

“काटकोन सर मागे येऊन उभे राहिले.”

“पर्यवेक्षक फिरतात. ते त्यांचं कामच आहे.”

“फिरू देत ना, मामा! ते थांबले. काही चुकल्याशिवाय कोण कशाला थांबेल?”

“आणि हे दुसरं?”

“तिथे तर जास्तच वेळ थांबले.”

“पण तिसरं तू खोडलेलं नाहीस.”

“तेव्हा ते खिडकी लावायला गेले होते.”

दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे मी वर्गात दरवर्षी घसा बसेपर्यंत सांगतो. तथापि त्या खिडकीचा पुरावा नाकारणे मलाही जड गेले.

काटकोन सर म्हणजे आमचे गणिताचे शिक्षक. ते जमिनीशी इतके नेमके सरळ उभे राहतात की हे नाव मुलांनी ठेवले, आणि त्यात कोणाला दोष काढता आला नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी त्यांच्यापुढे ती उत्तरपत्रिका धरली.

“हीच! हीच ती!” ते ओरडले. “कर्णावरच्या लंबाची लांबी. सगळी पोरं दोनदा पायथागोरस लावून घामाघूम होतात. हिने त्रिकोणाचं क्षेत्रफळ दोन रीतींनी मांडलं आणि दोन ओळींत लंब काढून मोकळी! अहो, मी वाचतच राहिलो. एवढं छान लिहून या पोरीने खोडलं का, हे मला अजून उमगलेलं नाही.”

“तुम्ही वाचत राहिलात म्हणून.”

मी त्यांना खिडकीसह सर्व सांगितले. ते हळूहळू बाकावर बसले. त्यांना बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

“पण मी खूश होतो हो,” ते म्हणाले. “चेहऱ्यावर दिसत नव्हतं का?”

“तुमच्या चेहऱ्यावर आजवर काही दिसलं आहे का?” भाषेच्या बाई म्हणाल्या. “आणि दिसलं असतं तरी तिला काय उपयोग? तिच्या पाठीला डोळे आहेत का?”

आता आमच्या शाळेचा एक जुना नियम सांगणे भाग आहे. परीक्षागृहात पर्यवेक्षकाला खुर्ची मिळत नाही. संस्थापकांचे म्हणणे असे की खुर्ची दिली की डुलकी लागते आणि डुलकी लागली की कॉपी होते. त्यामुळे पर्यवेक्षक उभा राहतो. उभे राहून कंटाळला की फिरतो. फिरून पाय दुखले की थांबतो. आणि थांबतो तो कोणाच्या तरी मागेच. सुजलेले पाय आणि खोडलेली उत्तरे या दोन्हींचे मूळ, माझ्या अंदाजाने, एकच होते. मी मागच्या भिंतीशी एक खुर्ची मागितली.

“अंदाजाने?” मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिले.

मी प्रयोग सुचवला. दुसऱ्या सराव परीक्षेत दोन दालनांपैकी एकात खुर्ची ठेवावी, दुसऱ्यात ठेवू नये, आणि नंतर खाडाखोड मोजावी. कोणत्या दालनात खुर्ची हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे पक्षपाताला वाव नाही. चिठ्ठी टाकली. खुर्ची पहिल्या दालनाला मिळाली. बारकी दुसऱ्यात होती, आणि तिथे गणिताच्या दिवशी पर्यवेक्षक होते काटकोन सर.

“बदल ना मग चिठ्ठी!” बहीण फोनवर कडाडली.

“बदलली तर तो प्रयोग राहत नाही.”

“प्रयोग घाल चुलीत! मामा आहेस की कोण आहेस?”

चिठ्ठी मी बदलली नाही. मी सरांना इतकेच सांगितले की शक्यतो फिरू नका. ते म्हणाले, प्रयत्न करतो. पण पाय आपोआप चालतात आणि डोळे आपोआप वाचतात.

परीक्षेच्या दिवशी माझे काम दोन्ही दालनांवर देखरेख ठेवण्याचे होते. पहिल्या दालनात भाषेच्या बाई खुर्चीत राणीसारख्या बसल्या होत्या. मी दुसऱ्या दालनाचे दार किलकिले केले. मागच्या भिंतीशी, आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कुरकुरणाऱ्या स्टुलावर, काटकोन सर काटकोनात बसले होते. स्टूल त्यांनी सकाळी स्वतः उचलून आणले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. तुलनेसाठी राखलेले दालनच बिघडले होते. आता निष्कर्षाला कवडीचीही किंमत उरणार नव्हती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावर बारकीचे पेन थांबले. सरांची मान लांब झाली. ते अर्धवट उठले आणि स्टूल कर्रर्र करून किंचाळले. सारा वर्ग मागे वळला.

“बसतोय, बसतोय,” सर गडबडीने म्हणाले. “माझ्याकडे काय बघता? तुमचं लिहा!”

वर्गात हशा पिकला. बारकीही हसली, वळली आणि लिहू लागली. स्टूल वाजत नाही तोवर मागे कोणी नाही, हे आता तिला ठाऊक होते. मी दार अलगद लोटून घेतले.

काही दिवसांनी मुख्याध्यापिकांनी निष्कर्ष विचारला.

“निष्कर्ष नाही,” मी म्हणालो. “दोन्ही दालनांत पर्यवेक्षक बसून होते. तुलना करता येत नाही.”

“कॉपी झाली?”

“नाही.”

“कोणी झोपलं?”

“पहिल्या दालनाबद्दल खात्रीने सांगता येत नाही.”

“मी डोळे मिटून ऐकत होते,” भाषेच्या बाई म्हणाल्या. सूज उतरल्यामुळे त्यांच्या पायात त्या दिवशी पुन्हा नेहमीच्या चपला होत्या.

मुख्याध्यापिकांनी मोठ्या परीक्षेसाठी प्रत्येक दालनात खुर्ची मंजूर केली. पुराव्याविना घेतलेल्या या निर्णयाला मी हरकत घेतली नाही.

बारकीची उत्तरपत्रिका काटकोन सरांनी स्वतः घरी आणून दिली. एकही रेघ नव्हती. शेवटच्या पानावर मात्र तिने सात गुणिले आठ चोपन्न लिहिले होते आणि सरांनी त्याभोवती मोठे लाल वर्तुळ काढले होते.

“वरचा गट मिळाला,” सर चेहरा जराही न हलवता म्हणाले. “पण हे चुकलंय. हे खरंच चुकलंय.”

“हो, सर,” बारकी आनंदाने म्हणाली, आणि ते वर्तुळ आईला दाखवायला पळाली.